हत्तीच्या कोटाचं माप

ता. ३

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ताईकडे मी मजेत आहे, पाय तेवढा प्लास्टरमध्ये आहे. जिन्यावरून घसरताना मला हसू फुटलं ते अजून थांबलेलं नाही. ताईचं म्हणणं, मी डोक्यावरच पडले असणार. तीन आठवडे प्रवास बंद. म्हणून एक गळ घालते. माझ्या बालवर्गातल्या बावीस पोरांना मदतनीस मावशी सांभाळतील, पण गोष्टीतले उद्योग त्यांना जमत नाहीत. तुम्ही रोज तासभर जाल का? हत्तीला थंडी वाजते आणि कुणी त्याला कोट शिवून देत नाही, ते चित्रांचं पुस्तक टेबलावर आहे. मुलांना बटणं निवडायला द्या, डोळे मिटून कापड ओळखायला लावा, रद्दी पेपरचा हत्तीचा कोट करा.

शुक्रवारी, ता. १२ ला, तपासनीस बाई येतील. पोरं कमी दिसली तर आमची खोली जुनी कपाटं ठेवायला जाणार. पण तुम्ही घाबरू नका.

लोभ आहेच, पायासाठी जरा जास्त असावा.
तुमची ठमी

ता. ६

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

घाबरू नका असं तू लिहिलंस, तिथूनच मी घाबरायला लागलो. मी चौथी पास, तीही गुरुजी मला कंटाळले म्हणून. प्लास्टरमध्ये खाजवायला सळई घालू नकोस. जिन्यावर दिवा आहे का, ते जावयांना विचार.

वर्गात गेलो. पुस्तक वाचताना दोनदा अडखळलो, तर दोन वेण्यांवालीनं पुढचं घडाघडा म्हणून दाखवलं आणि मला सांगितलं की आजोबा, तुम्ही नुसती पानं उलटा. माझ्या डब्यातली बटणं ओतली. दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची दुसरीकडे. गोट्या नावाच्या पोरानं एक नाकात घातलं. मी त्याला उलटं धरायला धावलो. तेवढ्यात तो शिंकला आणि बटण मावशींच्या कपाळावर बसलं. चार भोकांचं होतं, तिकडे टाकलं.

आता कोट. पन्नास वर्षं शिवणकाम केलं, पण गिऱ्हाइकाचं माप घेतल्याशिवाय कात्री लावली नाही. हत्तीचं माप तू कळवलेलं नाहीस. ते कुठून आणू?

काळजीत असलेला तुझा,
बाबा

ता. ८

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हसून हसून प्लास्टरला तडा जाईल! अहो, कोट तळहाताएवढा हवा, पुस्तकातल्या हत्तीला वरून चिकटवायला. खरा हत्ती नाही येत आमच्या वर्गात. हे पत्र वेळेवर पोचू दे म्हणजे मिळवलं.

तुमचीच,
ठमी

ता. १२, दुपार

चि. ठमीस,
अ. आ.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. कोट मंगळवारीच बेतला होता. ग्रंथालयातल्या बाईंनी प्राण्यांच्या जाड पुस्तकातून माप काढून दिलं: खांद्यापर्यंत उंची दहा फूट, पोटाचा घेर सोळा. पोरांनी अंगणात खडूनं हत्ती आखला आणि सुतळीनं मोजला. तीन दिवस पेपर चिकटवले, कडांना भोकं पाडून जाड दोऱ्यानं टाके घातले. गोट्याचे टाके सरळ येतात, हे त्याच्या आईला सांगितलं पाहिजे. बटणं म्हणून ताटल्या लावल्या.

आज तपासनीस बाई यायच्या वेळेला पोरांना वाटलं, हत्तीला खरंच ऊब येते का ते बघावं. सगळी आत शिरली. मी बाहेरून बटणं लावत होतो, तेवढ्यात बाई दारात. खोलीत एक म्हातारा आणि एक कागदी डोंगर. त्यांनी चष्मा लावला आणि हजर मुलं या रकान्यात शून्य लिहिलं. मला बोलायचं होतं, पण तोंडात टाचण्या होत्या.

मग कोट शिंकला. मग फिदीफिदी हसला. मग चव्वेचाळीस पायांवर चालत बाईंकडे निघाला! बाई दोन पावलं मागे सरकल्या आणि काखेत उसवलेल्या जागेतून दोन वेण्या बाहेर आल्या. तिनं सुतळी काढून बाईंचंच माप घेतलं आणि एक सोंड, दोन वीत असं जाहीर केलं. बाईंना खोलीची लांबी हवी होती. माझा टेप कोटात कुठेतरी चिकटून गेलेला. मग मुलांनी जमिनीवर झोपून मोजून दिली. नववं मूल संपलं तरी भिंत उरली, दहावं पुरेना, म्हणून शेवटी मला आडवं केलं.

बाई कागद पिशवीत घालून गेल्या. ठमे, तुझी खोली मी घालवली. कोट काखेत उसवला, तेही त्यांनी पाहिलं.

तुझा,
बाबा

ता. १९

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

अहवालाची प्रत आली. ताईनं मोठ्यांदा वाचली आणि आम्ही दोघी ओरडलो. हजर मुलं: शून्य, ते खोडून बावीस. खोलीची लांबी: नऊ मुलं व एक आजोबा. शेरा: खोलीत हत्तीचं काम चालू आहे, कपाटांना जागा नाही.

बाबा, खोली आपलीच राहिली!

पायापेक्षा उंच उडणारी तुमची,
ठमी

ता. २२

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

वाचून डोळे पुसले आणि मग झोप उडाली. त्या दिवशी कंबर दुखत होती म्हणून मी गुडघे थोडे दुमडले होते. म्हणजे खोली लिहिलीय त्यापेक्षा वीतभर लहानच आहे. सरकारी कागदावर माझं माप चुकलेलं नको. पुढच्या सोमवारी बाईंना बोलावलंय, परत आडवा होतो. दोन वेण्यांवाली म्हणते, या वेळी ती माझ्या गुडघ्यांवर बसेल.

तुझा,
बाबा