चकचकीत घासलेली वजने

मी, या कागदाखाली सही करणारी, अविवाहित, वजनकाटे तपासणारी तंत्रज्ञ, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. परवा माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मलाही तसेच वाटते. पण कोणत्याही मोजमापात चुकीला थोडी जागा धरावी लागते, म्हणून हे मृत्युपत्र.

कलम १. राहत्या घरातला माझा हिस्सा धाकट्या भावाला द्यावा. तळमजल्यावरची खोली मात्र अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ते हयात असेपर्यंत. त्यांना जिना चढवत नाही. "वर हवा छान येते" असे गोड बोलून त्यांना कोणी वर पाठवू नये.

कलम २. बँकेतली शिल्लक अप्पांना. त्यांनी आता तरी कवळी बदलून घ्यावी. मी सांगितले की त्यांना ते टोचते. भावजयीने सांगावे, म्हणजे ऐकतील.

कलम ३. भावजयीला काहीही देऊ नये. तिची सही साक्षीदार म्हणून घ्यावी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, असे वकिलांनी सांगितले आहे. ही व्यवस्था मला सोयीची वाटते.

कारण देणे बंधनकारक नाही, तरी देते. अप्पांच्या हातून पाणी सांडले तेव्हा मी म्हणाले, "ग्लास दोन्ही हातांनी धरा." ती म्हणाली, "राहू द्या अप्पा, फरशी पुसायचीच होती." फरशी मी नुकतीच पुसली होती. दोन्हींत माझे वाक्य जास्त उपयोगाचे होते. अप्पा तिच्याकडे बघून हसले.

संध्याकाळी ती भाजी चिरत असते तेव्हा अप्पा विचारतात, "दमलीस का गं बाळा?" मी दिवसभर गोदामांतले काटे तपासून त्याच दारातून आत येते. मला विचारतात, "कडी लावलीस?"

'बाळा' हा शब्द तिच्या लग्नाआधी माझा होता. तो मी कोणाच्या नावे केल्याचे मला आठवत नाही.

कलम ४. माझी पितळी प्रमाण वजने, मखमली पेटीसह. काटे यांच्यावरूनच तपासतात. यांना बोट लावायचे नसते, चिमट्याने उचलायची असतात. घामानेसुद्धा वजनात फरक पडतो. लग्न होऊन आल्यावर भावजयीला ती काळवंडलेली दिसली. मला आनंद व्हावा म्हणून तिने ती पावडर लावून खसाखसा घासली. "ताई, बघा तरी, कशी चकचकीत झाली!" मी म्हणाले, "आता ही भंगार आहेत." ते खरे होते. ती उठून आत गेली. अप्पा म्हणाले, "हौसेनं केलं तिनं. दोन शब्द नीट बोलली असतीस तर वजनं आणखी झिजली असती का?"

मी पेटीचे झाकण लावले. नसती झिजली.

वजने वितळवायला द्यावीत.

येथे लिहिणे थांबले. माझी खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त फळ्यांची भिंत आहे. जे ऐकू आले ते नोंदवते. आधी भावजय बोलली.

"अप्पा, ताईंना विचारा ना, भीती वाटतेय का."

"तिला? ती डॉक्टरलाच घाबरवून येईल."

"मला रोज विचारता, तसं विचारा."

"तुला विचारलं की तू बोलतेस. तिला विचारलं की ती माझी चूक काढते."

"काढू द्या की! हा चहा घ्या आणि जा. मी नाही येत बरोबर."

अप्पा दारात आले. कप दोन्ही हातांनी धरला होता.

"दमलीस का गं बाळा?"

मी सकाळपासून खुर्चीत बसून होते. दमण्यासारखे काही केले नव्हते. हे मी त्यांना सांगितले नाही.

"हो," मी म्हणाले. "जरा."

ते पलंगाच्या कडेवर बसले आणि माझा चहा संपेपर्यंत उठले नाहीत.

वाक्य तिने पाठवले होते, हे मला माहीत आहे. माझ्या बापाने मला काय विचारावे हे तिला सुचते, याचा मला अजूनही हेवा वाटतो. हेही शुद्धीतच लिहीत आहे.

दुरुस्ती. कलम ३ रद्द. खोडून शेजारी सही केली आहे. कलम ४ मधली वजने वितळवू नयेत, पेटीसह भावजयीला द्यावीत. वजने तिने हवी तितकी घासावीत. यामुळे ती साक्षीदार होऊ शकत नाही. तिला बोलावून तसे सांगितले.

"म्हणजे मी सही नको करू?"

"नको. वजनं तुला दिलीयत."

"पण ती तर भंगार ना, ताई?"

"चकचकीत आहेत," मी म्हणाले.

शेवटचे कलम. अप्पांनी दारात विचारलेला प्रश्न या मृत्युपत्रातून कोणालाही दिलेला नाही. तो माझ्याकडेच राहील.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार, दोघांनाही यातून काही मिळत नाही:
समोरचे शिंपीकाका (सही)
शेजारच्या नर्सबाई (सही)

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघराला लागून असलेली खोली
तारीख: ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी