गुण येईपर्यंत

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वर्गात सेरोटोनिन शिकवायची वेळ आली की मला माधवनगरचं आपलं स्वयंपाकघर दिसतं. वडील गेले, आपल्या गावाकडची, माणमधली मेंढरं विकली आणि मी तुला माझ्याकडे माधवनगरला आणलं. त्यानंतर तू बोलायचीच थांबलीस. भिंतीकडे तोंड करून बसायचीस, पुढ्यातली भाकरी वाळून जायची. मी तेव्हा सांगलीत कॉलेजच्या प्रयोगशाळेत नैराश्यावरच्या औषधांचा उंदरांवर अभ्यास करत होते, आणि डॉक्टरांनी तुला त्यातलंच एक औषध लिहून दिलं.

पहिली गोळी हातात घेऊन तू विचारतेस, "ह्यानं काय हुतंय?" मी सांगते, मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन नावाचं द्रव्य सोडतात आणि लगेच परत आत ओढून घेतात, गोळी ते ओढणं अडवते. "लगीच?" "अडवणं लगेच. माणसाला गुण यायला मात्र काही आठवडे जातात." "आन् तुज्या उंदरांस्नी?" मी म्हणते, त्यांना पाण्याच्या उभ्या भांड्यात सोडतो, औषध न दिलेला लवकर हातपाय थांबवून नुसता तरंगतो, दिलेला जास्त वेळ पोहतो. तू गोळी तळहातावर फिरवतेस. मग म्हणतेस, "भायेर काडतीस न्हवं त्येला?" काढते, मी म्हणते, टॉवेलनं पुसते, ऊब देते. तेव्हा कुठे तू गोळी गिळलीस.

आठवडे गेले. एका दुपारी मी चहा दिला आणि तू कप खाली ठेवलास. "साखर इसरलीस. ध्यान कुठं हाय तुजं?" किती महिन्यांनी तू मला रागावत होतीस. साखरेचा डबा हातात घेऊन मी ओट्याकडे तोंड करून उभीच राहिले. मग तू थोडं थोडं बोलू लागलीस, भाकरी स्वतः थापू लागलीस, आणि एक दिवस म्हणालीस, "मला मेंढरं बगायची हायती." आपण माणला गेलो. ज्यांना विकली होती त्यांच्या कळपात शिरून तू एका म्हाताऱ्या मेंढीचा कान धरलास, "वळाकलंस का गं?" म्हणालीस आणि हसलीस. परत आल्यावर त्याच आठवड्यात दुपारी जेवून आडवी झालीस, ती उठलीच नाहीस. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले.

तेराव्यानंतर मी कामावर गेले. एक उंदीर पाण्यात जोरजोरात पोहत होता. "लागू पडलं बघ औषध," शेजारची मैत्रीण म्हणाली, आणि मला तिथं उभं राहवेना.

विद्यार्थी विचारतात, बदल औषधानंच झाला हे कशावरून? मी सांगते, म्हणून तर दोन गट असतात, एकाला औषध, दुसऱ्याला औषधाऐवजी नुसतं पाणी. तू गोळीनं परत आलीस की माणच्या ओढीनं, हे मला कधीच कळणार नाही. तू एकच होतीस. हे पत्र कुठं धाडायचं नाही. तुला वाचता येत नव्हतं, आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचे. म्हणून आज दार लावून मोठ्यानं वाचायला घेतलं.