नानांच्या इंजिनाला हळद लागली

आसाराममामा यांना अभिमन्यूचा दंडवत, मामींनाही नमस्कार सांगावा. इकडे आम्ही ठीक आहोत. आई जेवते, बोलते कमी, पण नाना होते तेव्हाही ती कमीच बोलायची. तुमचा गुडघा कसा आहे? कानाचं मशीन कानात घालता की अजून डबीतच आहे? फोन केला नाही म्हणून रागावू नका. मला फोनवर बोलता येत नाही आणि तुम्हाला ऐकू येत नाही, त्यामुळे मागच्या वेळी आपण दोघं बराच वेळ एकमेकांना नुसतं हं हं म्हणत होतो. म्हणून हे लिहून रामहरी मिस्त्रीच्या हाती देत आहे. तो उद्या एका ट्रॅक्टरच्या कामाला तुमच्या काठाला येणार आहे.

मामा, नानांचं इंजिन काल चालू झालं! वीस मिनिटं चाललं! मी धक्क्यावर एकटाच टाळ्या वाजवल्या. (ऑफिसात मी कुणाच्या निरोप समारंभातही टाळ्या वाजवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.)

नाना गेल्यापासून तुम्ही तीनदा साठ किलोमीटरचा वळसा घालून आईला माहेरी न्यायला आलात आणि तिन्ही वेळा तिने तुम्हाला चहा पाजून परत पाठवलं. "आले तर त्यांच्याच बोटीत येईन, न्हाई तर हितंच बरी हाय." नानांनी तिला तीस वर्षं धरणाच्या पाण्यावरून अर्ध्या तासात तुमच्याकडे पोचवलं, रस्त्याने ती कधी आलीच नाही. तेव्हा बोट चालत नाही तोवर ती उंबरा ओलांडणार नाही, हे मला कळलं होतं. आणि बोट तर चालत नव्हती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्हाला सोडायला निघालो, मधोमध वाफ निघाली आणि तुम्ही एका हाताने गुडघा धरून दुसऱ्या हाताने वल्हं मारत होतात, ते तुम्ही विसरला नसाल. मीही विसरलो नाही.

गळत होतं ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी. गळती फार नव्हती, थेंब थेंबच. पण जुन्या जीपचं इंजिन, त्यात पाणी कमी झालं की ते तापतं, आणि तापलं की कुणाचं ऐकत नाही. मी रजा टाकली (अर्जात कारण "घरगुती यंत्रसामग्री" असं लिहिलं) आणि कामाला लागलो. पहिल्या दिवशी गळणाऱ्या बाजूची एक क्लिप पाना घेऊन आवळली. आणखी आवळली. ती तुटली. दुसऱ्या दिवशी पाणी किती उरलंय ते बघायला रेडिएटरचं झाकण उघडलं. इंजिन नुकतंच बंद केलं होतं आणि झाकण गरम असताना उघडायचं नसतं, हे मी शाळेत शिकलोय, परीक्षेत उत्तरही बरोबर लिहिलं होतं. देवाच्या दयेने वाफ माझ्या बाजूने न येता बोटीच्या छताकडे गेली. छताला आता हिरवा डाग आहे, साधारण आपल्या जिल्ह्याच्या आकाराचा.

तिसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्याने खात्रीचा उपाय सांगितला की रेडिएटरमध्ये दोन मुठी हळद टाका, भोकात जाऊन बसते. मी तुमच्या भाचेसुनेच्या, वर्षाराणीच्या डब्यातून हळद आणून टाकली. अर्ध्या तासाने हिरवे थेंब पडायचे थांबले आणि पिवळे पडायला लागले. वास असा सुटला की काठावरच्या बाया विचारायला आल्या, आज काय बेत आहे. वर्षाराणी म्हणाली, "वरीसभर घरात लगीन न्हाई म्हणता, अन् मिशिनला हळद लावून बसलात!" चार महिन्यांत घरात पहिल्यांदा कुणी मोठ्याने हसलं. आतल्या खोलीतूनही आवाज आला, असं मला वाटलं. पण मी बघायला गेलो नाही.

ती हळद काढायला तीनदा इंजिन धुवावं लागलं. मग मी मुकाट्याने रामहरीला बोलावलं. त्याने आधी मला बोटीतून खाली उतरवलं. मग सगळे पाईप कोरडे पुसले, घरातून रांगोळी मागवली आणि पाईपांवर भुरभुरली. इंजिन चालू करून आम्ही दोघं उकिडवे बसलो. पांढऱ्या रांगोळीत एका जागी हिरवा ठिपका उमटला! मामा, तो ठिपका बघून मला दहावीच्या निकालापेक्षा जास्त आनंद झाला. वॉटर पंपाच्या लोखंडी तोंडावर जिथे रबरी पाईप चढतो, तिथे गंजून बारीक खड्डे पडलेत. रामहरीने ते पॉलिश पेपरने घासलं, नवा पाईप चढवला, नव्या क्लिपा लावल्या आणि सेल मारला. चालू! आवाज घरापर्यंत गेला. आई आतल्या खोलीतून उंबऱ्यापर्यंत आली, म्हणाली, "बरं बोलतंय," आणि परत आत गेली.

तेव्हा शनिवारी सकाळी तिला घेऊन येत आहे. तुम्ही काठावर उभे राहा. इंजिनाचा आवाज तुम्हाला येणार नाही, पण धूर दिसेल.

तुमचा भाचा,
अभिमन्यू

ता. क. वीस मिनिटं चाललं असं वर लिहिलं आहे, ते खरं आहे. एकविसाव्या मिनिटाला थेंब आला, ते लिहायचं राहिलं. रामहरीने पुन्हा पाईप काढला, तर लोखंडावर, पॉलिश पेपर पोचला नव्हता तिथे, काळं कडं आणि त्याला चिकटलेला सुताचा धागा. "हितं कायतरी गुंडाळलेलं व्हतं. कुणी काढलं बे?" मामा, गळती जुनीच होती. नाना जुन्या धोतराची पट्टी साबण लावून पाईपाखाली गुंडाळायचे. आपल्यात गेलेल्या माणसाचं अंगावरचं कापड घरात ठेवत नाहीत, म्हणून दहाव्याला आईने त्यांची कापडं पाण्यात सोडायला गोळा केली, त्यात बोटीतली ही पट्टीही सोडवून घेतली. मी शेजारीच उभा होतो. मला ते कापड वाटलं, इंजिनाचा भाग वाटला नाही. नवा पंप मागवलाय, पण तो यायला महिना लागेल. तोवर माझी बनियन गुंडाळून पाहिली, थेंब थांबला नाही. (रामहरी म्हणतो, दोष बनियनचा नाही, गुंडाळणाऱ्याचा आहे. मला तसं वाटत नाही.) तर खरी विनंती अशी की नाना नारायणगडच्या यात्रेला नेसायचे ते धोतर, जे आईने आठवण म्हणून तुम्हाला एकट्याला दिलं, त्याची चार बोटं रुंद पट्टी फाडून रामहरीच्या हाती पाठवावी. मागताना लाज वाटते.

ता. क. दुसरा. धोतर फाडू नका. मी पाकीट शोधत होतो तेवढ्यात वर्षाराणीने हे पत्र आईला वाचून दाखवलं. आई उठली आणि ट्रंकेच्या तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली, काळी, डिझेलचा वास येणारी पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली. "समदं सोडलं. हे हातातून सुटंना." मी म्हणालो, इतके दिवस मी ठोकत बसलोय, सांगायचं तरी. ती म्हणाली, "तू इचारलं का?" आता मी ते कापड घ्यायला गेलो तर देत नाही. म्हणते, "तुला गुंडाळता यायचं न्हाई. त्यांचा हात मला ठाव हाय." ती स्वतः बोटीवर यायला निघाली आहे आणि चार महिन्यांपूर्वी चप्पल कुठे काढली ते तिला आठवत नाही. ती शोधायला मला हाक मारते आहे, म्हणून इथेच थांबतो.