लगद्याची बादली

४ मार्च, मंगळवार

शी! पुन्हा तो लगदा!

अंघोळीला गेले तर कोपऱ्यात बादली, आणि बादलीत बुडबुडे आलेला करडा चिखल. वास असा की दात घासताना ओकारी आली. सासूबाईंचं कागद भिजवणं! बँकेचं पत्र, औषधाची चिठ्ठी, लाइटबिल, नुसता पत्ता असलेला लिफाफासुद्धा — काही म्हणून रद्दीत जाऊ द्यायचं नाही. आधी बोटाच्या पेराएवढे तुकडे. मग भिजत घालायचे. मग बाथरूममध्ये स्टुलावर बसून, कोपरापर्यंत हात घालून कालवायचं, पिळायचं आणि गोळे वळायचे. ते गोळे वाळणार कुठे? बाल्कनीत, माझ्या धुतलेल्या कपड्यांखाली!

आणि हे सगळं दार लावून, नळ धो धो सोडून. कालवायला वाहता नळ कशाला लागतो, कोण जाणे. विचारायची सोय नाही.

नवऱ्याला म्हटलं, एवढं काय गुपित आहे तुमच्या घरात? तो हसला. "आईची जुनी सवय आहे गं. सोड." सोड काय सोड! बादली त्याला उचलावी लागत नाही.

मागे एकदा मीच म्हणाले होते, आई, दवाखान्यात आहे तसं कागद कापायचं छोटं मशीन घरी आणू या. "मशीनवर माझा विश्वास नाही." विषय संपला.

६ मार्च, गुरुवार

एका गोळ्यावर झुरळ. बाल्कनी आजपासून मी सोडली.

७ मार्च, शुक्रवार

दवाखान्यात फर्मान आलंय. मागची खोली रिकामी करायची. खोलीत काय? जुने पेशंट. म्हणजे त्यांची कार्डं — वहीच्या पानाच्या निम्मी, पिवळी पडलेली, दोऱ्याने बांधलेले गठ्ठे. सगळी मी लागायच्या आधीची. डॉक्टरांच्या बायकोला — आम्ही मॅडम म्हणतो — खोली हवीय. त्या मातीचे मग बनवून विकतात, त्यांच्या पॅकिंगसाठी.

डॉक्टर म्हणाले, "सगळं मशीनमध्ये घाला. गोपनीय आहे, लक्षात ठेवा." एवढं गंभीर तोंड करून सांगितलं, की मला बरं वाटलं. मनाच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. लोक इथे जे बोलतात ते सख्ख्या बहिणीशी बोलत नाहीत. मी कार्ड लावते, काढते, पण वाचत नाही. कानाला खडा. नाव आणि नंबर, त्याखाली नजर जात नाही माझी. तरी या जुन्या कार्डांवर नजर घसरतेच, कारण माझ्या आधीच्या बाईंचं अक्षर मोत्यासारखं! डॉक्टर सांगत, त्या टिपून घेत. आमच्या डॉक्टरांचं अक्षर औषधाच्या दुकानदारालाही लागत नाही, ते किती बरं.

शिपाईमामा मशीनवर बसले. आवाज दिवसभर डोक्यात.

जेवताना सहज सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "जुनी म्हणजे केव्हाची?" म्हटलं, माझ्या आधीची सगळी. त्यांनी ताट सरकवलं. झालं! माझ्या नोकरीचं नाव काढलं की यांचं जेवण उडतं. लागले तेव्हाही कितीतरी दिवस अबोला होता. आजवर दवाखान्याच्या जिन्याची पायरी चढलेल्या नाहीत. एकदा मी डबा विसरले, तर कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवून परत गेल्या. सुनेने वेड्यांच्या दवाखान्यात काम करणं शोभत नाही, दुसरं काय!

१० मार्च, सोमवार

मशीनखालच्या पट्ट्या मामा पोत्यात भरतात आणि पोती मागच्या खोलीत जातात. मला वाटलं, कचऱ्याच्या गाडीची वाट बघतायत. तर मॅडम खोक्यात मग ठेवून भोवती त्याच पट्ट्या कोंबत होत्या! वर एक गोंडस कार्ड — ‘आम्ही प्लास्टिक वापरत नाही. आम्हाला निसर्गाची काळजी आहे.’

म्हटलं, मॅडम, हे पेशंटचे कागद आहेत.

"होते," मॅडम म्हणाल्या. "आता पट्ट्या आहेत."

पट्ट्याच आहेत म्हणा.

१५ मार्च, शनिवार

लिहून काढते.

समोरच्या वहिनींनी चहाला बोलावलं. नवे मग दाखवायचे होते. ते मग आमच्या मॅडमचेच निघाले! खोकं टेबलावर उघडं, आणि पट्ट्या सगळीकडे — बशांत, खुर्चीवर, त्यांच्या मुलीच्या केसांत. आणि घरभर हसू. "अहो, बघा ना गंमत," वहिनी म्हणाल्या, "याच्यावर काय काय लिहिलंय!"

एकेक पट्टी उचलून वाचत होते. मोठ्याने. पत्त्यांचा डाव मांडावा तसं! मुलगी म्हणाली, "हे ऐक — भावाच्या लग्नात हसले, त्याचा राग अजून येतो." हशा. वहिनींनी दुसरी काढली, "आरशाला कापड घालून ठेवतो." आणखी हशा. मग वहिनींच्या नवऱ्याने, भावोजींनी, एक काढली आणि नाटकातल्यासारखा आवाज लावला — "नळ सोडून रडते. पाण्याच्या आवाजात घरात कुणाला कळत नाही."

मला वाटलं, आता यांना लाज वाटेल. तर भावोजी म्हणाले, "हिचं पाण्याचं बिल केवढं येत असेल!" आणि सगळे फुटले. उठून ती पट्टी त्यांनी फ्रिजवर चिकटवली. चुंबकाखाली. रोज बघून हसायला.

सुशिक्षित माणसं! यांच्याकडे मी गेल्या वर्षी माझ्या पोरीला सांभाळायला ठेवत होते.

आणि मी? मी चहा संपवला. ‘मग छान आहेत’ म्हणाले. घरी येऊन तोंड धुतलं, तरी तो चहा तोंडातून जात नाही. शिसारी येते सगळ्यांची. माझी पण.

१६ मार्च, रविवार

एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. मशीनमधून निघालेल्या पट्टीवर अख्खी ओळ कशी राहिली? उभे काप गेले तर अक्षरांचे तुकडे व्हायला हवेत.

१७ मार्च, सोमवार

कळलं! मामांच्या शेजारी उभी राहिले आणि बघितलं. ते कार्ड आडवं घालतात. ओळी जशा धावतात, तशाच पट्ट्या कापल्या जातात. पट्टी ओळीएवढी रुंद, आणि बाईंचं ते मोत्यासारखं अक्षर नीट रेघेवर. एकेक वाक्य सुटं करून, व्यवस्थित कापून, लोकांच्या घरी पोचवतोय आम्ही!

"मामा, उभं घाला ना!"

"ताई, आडवं घातलं की लवकर उरकतं. उभ्याला वेळ लागतो. साहेबांना खोली लवकर पाहिजे."

त्यांना काय बोलणार? ओरडा त्यांनाच बसला असता. तशीच डॉक्टरांकडे गेले. समोरच्यांच्या घरी झालं ते सगळं सांगितलं. डॉक्टर मोबाइल बघत म्हणाले, "नाव तर नाही ना पट्टीवर?"

"नाव वेगळ्या पट्टीवर असेल, सर. त्याच खोक्यात."

"कोण जोडत बसणार आहे? तुम्ही फार मनाला लावून घेता. झोप लागते ना नीट?"

झोप लागते ना! माझ्यावरच उलटवलं! पेशंटशी बोलतात त्याच मऊ आवाजात! बाहेर बाकावर एक मुलगी बसली होती, पहिल्यांदाच आलेली, पर्स छातीशी धरून. मी तिचं नाव लिहून घेतलं. कार्ड तिच्या हातात देताना माझ्या अंगावर काटा आला. ही आत जाऊन काय काय सांगेल, आणि ते एक दिवस कुणाच्या फ्रिजवर लागेल?

१८ मार्च, मंगळवार

जेवताना डोकं फिरलेलंच होतं. सगळं ओकले. कापण्याची पद्धत, मॅडमची खोकी, समोरच्यांचा तमाशा. नवरा म्हणाला, "भयंकर आहे," आणि आणखी भाजी घेतली.

सासूबाईंनी विचारलं, "काय लिहिलं होतं त्या पट्ट्यांवर?"

मी सांगितलं. आरसा, भावाचं लग्न, नळ. भावोजींचा बिलाचा विनोदसुद्धा सांगितला, रागाच्या भरात, त्यांच्याच आवाजात. फ्रिजचं पण.

"अक्षर चांगलं होतं का गं?"

काय तरी प्रश्न! म्हटलं, चांगलं होतं म्हणूनच तर वाचता आलं, आई.

त्या उठल्या. हात धुवायला गेल्या त्या बाथरूममध्येच. दार लावलं. नळ. किती वेळ नळ! शेवटी मी बाहेरून ओरडले, "आई, टाकी रिकामी होईल!"

२० मार्च, गुरुवार

डॉक्टरांना पटत नाही, तर मॅडमना सांगून बघितलं. पेशंटचं नाही बोलले. म्हटलं, मॅडम, तुमच्या खोक्यातल्या पट्ट्या लोक चहाला बोलावून वाचतात. वर तुमच्या मगांचं कार्ड असतं.

पांढऱ्याफटक पडल्या! "माझ्या ब्रँडचं काय होईल? उद्याच्या उद्या ही घाण इथून हलवा!"

घाण! दहा दिवसांपूर्वी निसर्गाची काळजी होती.

डॉक्टर आतून म्हणाले, "न कापलेली कार्डं पण द्या यांना. एकदाचं संपवा." हात झटकले. कसं संपवणार, कुठे संपवणार, एका शब्दाने विचारलं नाही. आजवर गेलेली खोकी गेलीच. ती कुणाच्या बापाला परत आणता येणार नाहीत. पण उरलेलं तरी माझ्या डोळ्यांसमोर संपेल.

२१ मार्च, शुक्रवार

रिक्षातून पोती घरी आणली. जाळायचं म्हटलं तर इमारतीच्या आवारात जाळू देत नाहीत. गेल्या खेपेला कुणीतरी पालापाचोळा पेटवला होता, तर अर्धवट जळलेले कपटे चौथ्या मजल्यापर्यंत उडाले होते. तसे हे उडाले तर?

मग दुसरं काय उरतं, ते मला ठाऊक होतं. नाक मुठीत धरून सासूबाईंकडे गेले. "आई, तुमची बादली मिळेल का?"

मला वाटलं टोमणा येईल. त्यांनी पोत्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "एकीने भागणार नाही. गच्चीवरचं पिंप आण."

२२ मार्च, शनिवार

पोरीला घेऊन नवरा बहिणीकडे गेलाय. आम्ही दोघी सकाळपासून बाथरूममध्ये.

किळस येते, खोटं कशाला बोलू? नखांत जातं, कोमट असतं, बुळबुळीत. पहिल्या मुठीला डोळे मिटले होते. सासूबाई दाखवत होत्या. "नुसतं भिजवून भागत नाही. शाई फुटेपर्यंत चोळायचं." शाई फुटली की पाणी निळं होतं आणि मग त्यात शोधूनही अक्षर सापडत नाही. न कापलेली कार्डं त्या स्वतः फाडत होत्या. प्रत्येकाचं नाव बघत आणि मगच फाडत. मी म्हटलं, आई, वाचायचं नसतं. त्या म्हणाल्या, "वाचत नाही. बघतेय."

शेवटचं कार्ड फाडून झालं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आधीच कापलं गेलं," असं काहीतरी पुटपुटल्या. मी दमले होते, लक्ष दिलं नाही.

२३ मार्च, रविवार

शेवटचं पिंप. दोघींचे हात कोपरापर्यंत आत. सासूबाई वर न बघता म्हणाल्या, "समोरच्यांच्या फ्रिजवरची राहिली. ती पण आण. माझी आहे."

हात न धुताच गेले. बेल वाजवली, कुणाशी न बोलता आत शिरले, चुंबकासकट पट्टी घेतली. त्यांच्या पांढऱ्या फ्रिजवर माझी पाची बोटं उमटली. राहू देत.

परत आले तर बाथरूमचं दार बंद, नळ सुरू. मी बाहेर बसलेय, पट्टी मुठीत धरून. टाकी रिकामी झाली तर होऊ दे.