अष्टमीला सोडलेला भुऱ्या

जगन,

शिफ्टवरून आलास की आधी हे वाच. मला अक्षरं सरूनेच शिकवली, म्हणून चिठ्ठी तिच्या हाती लागू नये अशी तुझ्या ताटाखाली ठेवली आहे.

शेजारच्या गोदूबाईची कोंबडी धरली म्हणून भुऱ्याला पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावाला सोडून आलास. नदीपलीकडे सोडलेलं कुत्रं परत येत नाही म्हणे. सरूला सांगितलंस, तो हरवला. वर तिचं मन रमावं म्हणून सिनेमा दाखवलास, तोही हरवलेलं कुत्रं चार गावं ओलांडून घरी येतं असा. रोह्यात दुसरा सिनेमा नव्हता का रे?

सकाळपासून ती दारात बसली आहे. जेव म्हटलं तर म्हणते, "आजी, तो उपाशी चालत असंल, मी कशी जेवू?" आता गोदूबाईच तिच्यापाशी बसली आहे.

मी अष्टमीला निघाले. नाही सापडला, तर खरं काय ते तूच तिला सांगायचंस. सापडला, तर गल्लीच्या तोंडाशी त्याची दोरी सोडीन, म्हणजे तो एकटाच घरी येईल. तू ओट्यावर बसून राहा आणि तिच्याइतकंच नवल कर.

आई