उसवलेली बाज

मानोरा,
१२ फेब्रुवारी १९५६

प्रिय गोजराबाई,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. तुझ्याकडे राहणाऱ्या आपल्या भावाला, शालिग्रामला, नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं ठरलंय आणि मी दवाखान्यात नर्स, म्हणून तो वेडा असल्याचा डॉक्टरांचा कागद मी मिळवावा, असं तू लिहितेस. तीन दिवसांत चार उत्तरं लिहून फाडली. आताही मधेच उठून दोनदा कडी बघून आले.

शेजारच्या सुंदरसाठी मांडलेली बाज त्याने ऐन कळांच्या वेळी उसवली. सुईण ओरडत होती आणि हा दोर सोडवत होता. सुंदर जमिनीवर बाळंत झाली. मायलेकरू सुखरूप आहेत, हे तू अगदी शेवटी लिहिलंस; मी तेच आधी शोधलं. जानरावभाऊजींनी त्याच दोराने त्याला गोठ्याच्या खांबाला बांधलं आणि अजून दिवसभर बांधून ठेवतात. तुझ्या सासूबाई म्हणतात, "याले लागीर झालं, कोनाले सुखानं टेकू देत नाही." नवी बाज विणायची असली की मात्र त्याच म्हणतात, "शालिग्रामले बोलवा, फुकटात इनते!"

विणीत एक घर चुकलं की त्याला दुसरं काही दिसत नाही. ते दातात अडकलेल्या कणासारखं असतं, ते निघेपर्यंत जेवणही सुचत नाही. हे त्याने कधी कुणाला सांगितलेलं नाही.

इथे सुया मी वीस मिनिटं उकळते. मग डावीकडून मोजते, उजवीकडून मोजते. संख्या जुळली तरी तिसऱ्यांदा मोजल्याशिवाय हात सुटत नाही. डॉक्टर इतरांना सांगतात, काम मनकर्णाबाईंकडून शिका.

आई तापाने पडली त्या वर्षी तिची बाज उसवलेली सापडली होती. बाबांनी शालिग्रामला काठीने मारलं. तो सहा वर्षांचा होता, आणि तेव्हापासून घरात तो वेडा ठरला. ती बाज मी उसवली होती. उशाकडून अकराव्या ओळीत एक घर चुकलं होतं. तो शेजारी बसून नुसता बघत होता. मी नऊ वर्षांची होते. बोलले नाही. पुढे लपवायला शिकले, तो शिकला नाही, एवढाच आमच्यात फरक. म्हणून कागद मी मागणार नाही. बुधवारी त्याला कारंज्याच्या मोटारीत बसवून दे, मी कारंज्याला उभी असेन. तो माझ्याकडे राहील. कसं जमेल, मला माहीत नाही. भाऊजींनी कारण विचारलं तर हे पत्र त्यांना वाचून दाखव.

तुझीच,
मनकर्णा