मावशी, साक्षीदार जपून निवड

मोंतेविदेओ, मंगळवार

आदरणीय एनेइदामावशीला ओस्नियेलचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? साल्तोच्या गरम झऱ्यांनी उतार पडला की नुसतीच कातडी सुरकुतली?

तूही आता इथल्या नागरिकत्वाचा अर्ज करणार हे ऐकून आनंद झाला. जन्माचा दाखला आपल्या हवानाहूनच शिक्के मारून मागव, भाड्याच्या पावत्या फेकू नकोस. पण मावशी, खरी मेख साक्षीदारांत आहे. तुला ओळखणारी दोन माणसं लागतात, आणि माझी दोघं माझ्याच जिवावर उठली होती. एक घरमालकीण नेलीबाई, दुसरा कोपऱ्यावरचा खाटीक विल्सन. (माणूस सोन्यासारखा, फक्त खोटं बोलता येत नाही. असल्याला साक्षीला नेऊ नये.) कचेरीतल्या बाईंनी त्याला विचारलं, "हा इथे रुळलाय का?" विल्सनने बराच विचार केला आणि म्हणाला, "बाई, हा माते-चहा पिताना नळी ढवळतो."

मावशी, बाईंनी पेन खाली ठेवलं. इथे मातेची नळी हलवणं म्हणजे महापाप, ठाऊक आहे ना, आणि त्यांच्याही काखेत मातेच्या गरम पाण्याचा थर्मास होताच. "ढवळतो?"

"साखरही घालतो." (एकदाच घातली होती, तीही तापात!)

माझ्या डोळ्यांपुढे हवानाचं विमान तरळलं. तेवढ्यात नेलीबाई टेबलावर हात आपटून गरजल्या, "ढवळेना का! दर रविवारी माझ्याकडे जेवतो, माझ्याशी भांडतो, छप्पर गळलं की वर चढतो. जावईच आहे तो माझा!" बाईंनी ते तत्काळ लिहून घेतलं आणि माझं अभिनंदन केलं. विल्सनला रडू फुटलं. मला ही बातमी नवीनच होती. नेलीबाईंची पिशवी घेऊन दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीला, मिर्तालाही. ती इतकी हसली की पहारेकऱ्याने तिला खुर्ची दिली.

तेव्हा साक्षीदारांना आधी घरी बोलावून बोलतं कर, आणि खाटीक शक्यतो टाळ.

तुझा भाचा,
ओस्नियेल

ता. क. नागरिकत्व मिळालं. लिहायचं राहूनच गेलं.

आणखी ता. क. बसथांब्यावर मी मिर्ताची माफी मागितली. ती म्हणाली, "सरकारी कागदावर चढलंय, आता कोण खोडणार?" मग आम्ही तीन-चार बस मुद्दाम सोडल्या. पण नेलीबाई म्हणतात, मागणी रीतसर हवी, मुलाकडचं वडीलधारं माणूस हवं. या अख्ख्या देशात माझ्याकडचं माणूस तू एकटीच. या रविवारी ये मावशी. तो निळा झगा घाल, आणि लहानपणी मला कशाकशावरून मार बसला ते तिथे काढू नकोस.